कीचकाचा वध आणि प्रेक्षकांचा अभिप्राय

प्राचीन काळच्या पराक्रमावर रचलेला एखादा भव्य चित्रपट गांवांत आला म्हणजे त्याविषयीं दोन प्रकारचीं मतें ऐकूं येऊं लागतात. एक म्हणतो, "अप्रतिम आहे, अवश्य पाहावा." दुसरा म्हणतो, "सारें खोटें आहे. असें कधीं झालेंच नाहीं." दोघेहि एकाच खेळाला गेलेले असतात, दोघांनींहि सारखेच पैसे मोजलेले असतात आणि दोघेहि आपापल्या परीनें प्रामाणिक असतात. मग त्यांच्या मतांत एवढें अंतर कां पडावें? पुष्कळ वेळां याचें कारण असें असतें कीं, ते दोघे दोन निरनिराळ्या प्रश्नांचीं उत्तरें देत असतात, आणि आपण एकाच प्रश्नावर भांडत आहों असें मात्र दोघांनाहि वाटत असतें.

हे प्रश्न कोणते, हें समजून घेण्याचा प्रयत्न आम्ही या लेखांत करणार आहों. त्यासाठीं फार दूर जाण्याचें कारण नाहीं. पुणेकरांस ज्यावर मत नाहीं असा विषय विरळाच. आणि नाटक व चित्रपट हे तर त्यांचे जिव्हाळ्याचे विषय. महाभारतांतील कीचकवधाची एकच कथा १९०७ ते १९३३ या अवघ्या सव्वीस वर्षांत महाराष्ट्रीय प्रेक्षकांपुढें तीन वेगळ्या रूपांनीं आली: प्रथम रंगभूमीवर, नंतर मूकपटांत आणि शेवटीं रंगीत बोलपटांत. कथा तीच, प्रेक्षकहि बव्हंशीं त्याच समाजांतील; परंतु तिन्ही वेळां त्यांचा अभिप्राय अगदीं निराळा पडला. म्हणून हें उदाहरण आमच्या कामास फार उपयोगी आहे.

मूळ कथा वाचकांस ठाऊकच आहे. अज्ञातवासाच्या वर्षीं पांडव वेष पालटून मत्स्यराज विराटाच्या नगरींत राहिले. द्रौपदी सैरंध्री या नांवानें राणी सुदेष्णेची दासी झाली. राणीचा भाऊ व राज्याचा सेनापति कीचक याची पापदृष्टि तिच्यावर पडली. त्यानें भर राजसभेंत तिला लाथ मारली, तरी राजा विराट त्याला शासन करूं शकला नाहीं. कंक या नांवानें तेथें बसलेला युधिष्ठिरहि अज्ञातवास उघडकीस येईल या भयानें स्वस्थ राहिला. अखेर बल्लव या नांवानें पाकशाळेंत राबणाऱ्या भीमानें रात्रीं नृत्यशाळेंत कीचकाला गांठून ठार केलें. त्याचे हातपाय व मस्तक धडांत दाबून त्यानें त्या देहाचा केवळ मांसाचा गोळा केला, असें व्यासांनीं वर्णिलें आहे. पुढें कीचकाचे एकशें पांच बांधव सूड म्हणून सैरंध्रीला त्याच्या प्रेताबरोबर जाळावयास निघाले, तेव्हां भीमानें त्यांचाहि संहार केला. सारांश, ही कथा मुळांतच सौम्य नाहीं.

या कथेचें पहिलें रूप म्हणजे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचें 'कीचकवध' हें नाटक. खाडिलकर त्या वेळीं पुण्यास लोकमान्य टिळकांच्या 'केसरी' पत्रांत काम करीत होते. हें नाटक १९०७ सालीं रंगभूमीवर आलें. त्याच्या दोनच वर्षें आधीं, १९०५ सालीं, व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांनीं बंगालची फाळणी केली होती, आणि तिच्या विरुद्ध उठलेली खळबळ अद्याप शमली नव्हती. अशा वेळीं रंगभूमीवर उन्मत्त कीचक दिसतांच प्रेक्षकांनीं त्याला ओळखलें. कीचक म्हणजे कर्झन, विटंबना सोसणारी सैरंध्री म्हणजे भारतमाता, सबुरीचा उपदेश करणारा युधिष्ठिर म्हणजे मवाळ पक्ष आणि गदा उचलूं पाहणारा भीम म्हणजे जहाल पक्ष, असा अर्थ लोकांनीं लावला. नाटकांत कर्झनचें नांव एकदांहि येत नाहीं. तें येण्याची गरजहि नव्हती.

सरकारनेंहि हाच अर्थ लावला. व्हॅलेंटाईन चिरोल या इंग्रज पत्रकारानें १९१० सालीं प्रसिद्ध केलेल्या हिंदुस्थानांतील असंतोषावरच्या पुस्तकांत या नाटकाची मुद्दाम दखल घेतली आहे. आणि त्याच सालीं नाटकावर बंदी घालण्यांत आली. १८७६ सालच्या नाट्यप्रयोगविषयक कायद्यानें सरकारच्या हातीं तसा अधिकार दिलेला होता. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. नाटकाच्या अर्थाबद्दल प्रेक्षक आणि सरकार यांच्यांत कांहींच मतभेद नव्हता. ज्यानें टाळी वाजविली त्यानें आणि ज्यानें बंदी घातली त्यानें, दोघांनींहि एकच नाटक पाहिलें. मतभेद होता तो इतकाच कीं, तो अर्थ लोकांनीं ऐकावा कीं ऐकूं नये. या प्रेक्षकांच्या मनांत जो प्रश्न होता तो असा: "ही जुनी कथा आमच्या आजच्या स्थितीविषयीं काय सांगते?" नेपथ्य कसें होतें, मुकुट त्या काळचे होते कीं नव्हते, याची विचारपूस करावयास त्यांना सवड नव्हती.

दुसरें रूप तेरा वर्षांनीं आलें. कोल्हापूरचे चित्रकार बाबूराव पेंटर यांनीं महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या वतीनें 'सैरंध्री' हा मूकपट तयार केला आणि तो ७ फेब्रुवारी १९२० रोजीं पुण्याच्या आर्यन चित्रपटगृहांत दाखविण्यांत आला. मंडईजवळचें हें गृह पुण्यांतील अगदीं आरंभींच्या चित्रपटगृहांपैकीं होय. आज ती इमारत उरलेली नाहीं. त्या नांवाचा वाहनतळ मात्र तेथें आहे. बाबूरावांनीं चित्रणाचें यंत्र विलायतेहून आणलें नव्हतें. कित्येक वर्षें खटपट करून त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तें कोल्हापुरांतच बनविलें होतें. १९१३ सालीं दादासाहेब फाळके यांनीं 'राजा हरिश्चंद्र' काढला तेव्हां तारामतीचें काम पुरुषास करावें लागलें होतें. 'सैरंध्री'मध्यें स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीं केल्या. बाबूराव मूळचे नाटकांचे पडदे रंगविणारे. त्यामुळें महाल, सभा, वस्त्रें व अलंकार यांची मांडणी त्यांनीं चित्रकाराच्या नजरेनें केली होती.

लोकमान्य टिळकांनीं या चित्रपटाचा गौरव करून बाबूरावांस 'सिनेमा केसरी' ही पदवी व सुवर्णपदक दिलें. त्यानंतर सहाच महिन्यांनीं, १ ऑगस्ट १९२० रोजीं, लोकमान्यांचें देहावसान झालें. ज्या कथेच्या नाटकावर दहा वर्षांपूर्वीं बंदी आली होती, तीच कथा येथें होती. परंतु आतां लोकांच्या तोंडीं मुख्य गोष्ट होती ती बाबूरावांच्या कौशल्याची. आपल्याच माणसानें, आपल्याच हातांनीं केलेल्या यंत्रावर हें साधलें, याचें स्वदेशीच्या चळवळींत वाढलेल्या पिढीस कौतुक वाटावें यांत नवल नाहीं. या प्रेक्षकांचा प्रश्न होता: "हें कसें साधलें?"

परंतु कौशल्य फार साधलें म्हणजे त्यांतूनच नवी अडचण निघते. भीमानें कीचकाला मारण्याचें दृश्य इतकें हुबेहूब वठलें होतें कीं, पाहणारांचा थरकांप होऊं लागला, आणि पुढें तें दृश्य काढून टाकावें लागलें. वर सांगितल्याप्रमाणें व्यासांचें वर्णन याहून कमी भयंकर नाहीं. तें पिढ्यान् पिढ्या देवळांतून व घराघरांतून वाचलें जात आहे, आणि तें ऐकून कोणी घाबरून उठल्याचें दिसत नाहीं. मग पडद्यावर तेंच असह्य कां व्हावें? कारण ऐकणारा मनुष्य आपल्या मनाला झेपेल तेवढेंच चित्र आपण रंगवितो. पाहणाऱ्याला ती मोकळीक नसते. आमच्या प्राचीन नाट्यशास्त्रकारांनीं ही गोष्ट ओळखली होती. नायकाचा वध व युद्धाचा रक्तपात रंगभूमीवर प्रत्यक्ष न दाखवितां पात्रांच्या संभाषणांतून सुचवावा, असा त्यांचा सर्वसाधारण दंडक होता. म्हणून "मूळ ग्रंथांतच असें आहे" हें उत्तर एखाद्या क्रूर दृश्याच्या समर्थनास पुरेसें होत नाहीं. त्याचबरोबर "दृश्य क्रूर आहे, म्हणून तें खोटें आहे" हें म्हणणेंहि बरोबर ठरत नाहीं.

तिसरें रूप १९३३ सालचें. बाबूरावांच्या हाताखालीं तयार झालेले व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले व फत्तेलाल यांनीं केशवराव धायबर व सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह १९२९ सालीं कोल्हापुरांत प्रभात फिल्म कंपनी स्थापिली होती. शांतारामांनीं 'सैरंध्री'च पुन्हां घेतली, आणि या वेळीं ती रंगीत बोलपटाच्या रूपानें. रंगाचें काम येथें होण्यासारखें नव्हतें, म्हणून प्रती जर्मनींत तयार करविण्यांत आल्या. खर्च मोठा, उत्साह मोठा, आणि हिंदुस्थानांत अशा तऱ्हेचा प्रयत्न जवळजवळ नवाच. परंतु रंग मनासारखे उतरले नाहींत व प्रेक्षकांनीं चित्रपट उचलून धरला नाहीं. हिंदुस्थानांतच रंगसंस्कार केलेला पहिला चित्रपट म्हणून ज्याचें नांव घेतात तो 'किसान कन्या' यानंतर चार वर्षांनीं, १९३७ सालीं निघाला. या तिसऱ्या वेळीं प्रेक्षकांनीं राजकारणाचा अर्थ काढला नाहीं, कीं यंत्राच्या नवलाईला मान दिला नाहीं. त्यांनीं अगदीं साधा प्रश्न विचारला: "हें पाहतांना डोळ्यांना व मनाला बरें वाटतें काय?" उत्तर नकारार्थी आलें, तेव्हां कथेची पुण्याई किंवा खर्चाचा आंकडा कामास आला नाहीं. भव्य चित्रपटांच्या जाहिरातींत अजूनहि खर्चाचे आंकडे प्रथम छापले जातात. १९३३ सालच्या प्रेक्षकांनीं त्यांस केव्हांच उत्तर देऊन ठेवलें आहे.

त्याच वर्षीं प्रभात कंपनी पुण्यास आली. तिच्या जागेंत आज चित्रपटविद्येची राष्ट्रीय संस्था आहे. येथें तयार झालेला कंपनीचा पहिला चित्रपट 'अमृतमंथन' १९३४ सालीं प्रसिद्ध झाला. त्याची कथाहि प्राचीन काळांतलीच आहे. अवंतीचा राजा क्रांतिवर्मा देवीपुढील बळी बंद करतो, आणि त्यामुळें चिडलेला राजगुरु त्याच्या वधाचा कट रचतो. राजगुरूची भूमिका मराठींत केशवराव दाते यांनीं व हिंदींत चंद्रमोहन यांनीं केली. पडदाभर मोठा करून दाखविलेला राजगुरूचा डोळा पाहणारे पुढें कित्येक वर्षें त्याविषयीं बोलत असत. मुंबईंत या चित्रपटाचा रौप्यमहोत्सव झाला. आमच्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट अशी कीं, हा राजा इतिहासांत नाहीं व हा राजगुरु पुराणांत नाहीं. कथेचा आधार नारायण हरि आपटे यांची कादंबरी. त्यामुळें "असें झालेंच नव्हतें" हा आक्षेप घेण्यास जागाच राहिली नाहीं, आणि अंधश्रद्धा विरुद्ध विवेक हा जो कथेचा खरा विषय, त्यावरच प्रेक्षकांचें लक्ष राहिलें. प्राचीन काळाचा पडदा घेऊन वर्तमानाविषयीं बोलण्याची युक्ति खाडिलकरांचीच; फरक एवढाच कीं, येथें पात्रेंहि नवीं होतीं.

आतां उरला तो सत्यासत्याचा प्रश्न, आणि तोच सर्वांत अवघड आहे. "हें खरोखर असेंच घडलें काय?" असें विचारणें सोपें आहे; परंतु कशाशीं ताडून पाहावयाचें? येथेंहि पुण्याचेंच एक उदाहरण देतां येईल. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेनें १९१९ सालीं महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध करण्याचें काम हातीं घेतलें, म्हणजे 'सैरंध्री' पुण्यांत दाखविली गेली त्याच सुमारास. देशभरच्या निरनिराळ्या लिपींतील १,२५९ हस्तलिखितें पडताळून हें काम १९६६ सालीं पूर्ण झालें. डॉ. रघुवीर यांनीं संपादिलेलें विराटपर्व १९३६ सालीं प्रसिद्ध झालें. या कामांतून असें दिसून आलें कीं, आपणांस अगदीं जुने व मूळचे वाटणारे कित्येक प्रसंग मागाहून ग्रंथांत आलेले आहेत. द्यूतसभेंत द्रौपदीनें श्रीकृष्णाचा धावा केला हा प्रसंग प्रत्येक मुलास पाठ असतो. परंतु १९४४ सालीं प्रसिद्ध झालेल्या सभापर्वांत संपादक फ्रँकलिन एजर्टन यांनीं तो मूळ संहितेंत न घेतां तळटीपांत ठेवला आहे. मग एखाद्या चित्रपटांत तो प्रसंग नसेल तर चित्रपट खोटा म्हणावयाचा, कीं असेल तर खोटा म्हणावयाचा? ज्याला आपण सत्य म्हणतों तें कित्येकदां आपल्या सवयीचें दुसरें नांव असतें. म्हणून आक्षेप घेणाराने आपला आधार कोणता, तें आधीं सांगणें उचित होय.

अलीकडच्या काळांतील दोन उदाहरणांनीं हें अधिक स्पष्ट होईल. १२ ऑगस्ट २०१६ रोजीं आशुतोष गोवारीकर यांचा 'मोहेंजो दारो' प्रसिद्ध झाला. त्यांतील वस्त्रें, अलंकार व घोडे यांवर अनेकांनीं टीका केली. हे आक्षेप निदान तपासून पाहण्याजोगे होते; कारण उत्खननांत काय सांपडलें आहे व काय नाहीं, हें पुस्तकांत पाहतां येतें. परंतु त्या लोकांची लिपि अद्याप कोणास सर्वमान्य रीतीनें वाचतां आलेली नाहीं. तेव्हां ते कसे बोलत व कोणत्या गोष्टीसाठीं लढत, हें चित्रपटकर्त्यास कल्पनेनेंच भरून काढावें लागणार. कल्पना केली हा दोष नव्हे. ती पटण्याजोगी झाली कीं नाहीं, हा खरा प्रश्न.

दुसरें उदाहरण प्राचीन काळचें नव्हे, पण आमच्याच शहरांतलें आहे. संजय लीला भन्साळी यांचा 'बाजीराव मस्तानी' १८ डिसेंबर २०१५ रोजीं प्रसिद्ध झाला. त्यांतील 'पिंगा' या नृत्यांत काशीबाई व मस्तानी यांस एकत्र नाचतांना दाखविलें, यावर चित्रपट निघण्याच्या आधींपासूनच तीव्र नापसंती व्यक्त झाली होती. पेशव्यांच्या घराण्यांतील स्त्रिया अशा नाचल्या नसत्या, हा आक्षेप इतिहास जाणणाऱ्या माणसानें घेण्यासारखा होता व त्याला उत्तर देतां येण्यासारखेंहि होतें. परंतु पहिल्याच दिवशीं निदर्शनें झालीं आणि कोथरुडांतील एका चित्रपटगृहास कांहीं खेळ रद्द करावे लागले. ज्यांनीं तिकिटें काढलीं होतीं त्यांस आपलें मत बनविण्याची संधि त्या वेळीं मिळाली नाहीं. १९१० सालीं जें काम सरकारी हुकुमानें केलें तेंच येथें दाराशीं जमलेल्या मंडळींनीं केलें. १८७६ चा तो कायदा २०१८ सालीं रद्द झाला. परंतु कायदा रद्द झाल्यानें दुसऱ्याच्या वतीनें आपणच मत ठरवून टाकण्याची वृत्ति नाहींशी होते असें नाहीं.

या सर्व उदाहरणांवरून असें दिसेल कीं, प्रेक्षकाच्या एका अभिप्रायांत वस्तुतः चार अभिप्राय मिसळलेले असतात. पहिला, कथा आजच्या जीवनाविषयीं काय सांगते. दुसरा, ती सांगण्याचें कौशल्य किती आहे. तिसरा, पाहतांना मनास आनंद झाला कीं त्रास झाला. आणि चौथा, ग्रंथ व इतिहास यांच्याशीं ती किती जुळते. हे चारहि प्रश्न योग्यच आहेत. घोटाळा होतो तो एकाचें उत्तर दुसऱ्यास दिल्यानें. "लढाई फार सुंदर दाखविली आहे" एवढ्यावरून ती तशी झाली होती हें सिद्ध होत नाहीं. "मुकुट चुकीचा आहे" एवढ्यावरून कथा निरर्थक ठरत नाहीं. आणि "मला कंटाळा आला" हें प्रांजळ उत्तर असलें तरी तें इतिहासाचें प्रमाण नव्हे. चित्रपटगृहांतून बाहेर पडतांना आपण यांपैकीं कोणत्या प्रश्नाचें उत्तर देत आहों, एवढें जरी ज्यानें त्यानें ठरविलें, तरी निम्मे वाद आपोआप मिटतील, आणि उरलेले निम्मे ऐकण्याजोगे होतील.

कोणी म्हणेल, चित्रपटासारख्या करमणुकीच्या गोष्टीसाठीं एवढी चिकित्सा कशाला? यास आमचें उत्तर असें आहे. मूकपटांच्या काळांत हिंदुस्थानांत एक हजाराहून अधिक चित्रपट निघाले. त्यांतील फारच थोडे आज शिल्लक आहेत. ते जपण्यासाठीं पुण्यांत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें तें १९६४ सालीं, तोंवर पुष्कळसा ठेवा नाहींसा झाला होता. बाबूरावांची 'सैरंध्री' आज आपणांस पाहावयास मिळत नाहीं. भीमाची ती झुंज, ती राजसभा, तो कीचक, सारें गेलें. मागें राहिलें आहे तें प्रेक्षकांनीं काय पाहिलें, त्यांना काय वाटलें व त्यांनीं काय नाकारलें, एवढेंच. म्हणजे कित्येकदां चित्रपट नाहींसा होतो आणि अभिप्रायच तेवढा उरतो. जी वस्तु आपल्यामागें साक्षीदार म्हणून उरणार आहे, ती निष्काळजीपणानें बोलून टाकणें बरें नव्हे. कोणता खेळ, कोणत्या दिवशीं, कोणत्या गृहांत पाहिला, तो शेवटपर्यंत पाहिला कीं मध्येंच उठून आलों, आणि नेमकें काय आवडलें वा खटकलें, हें ज्यानें चार ओळींत नीट लिहून ठेवलें, त्याच्या त्या ओळी पन्नास वर्षांनीं एखाद्या अभ्यासकास पडद्यावरच्या सर्व सैन्यांहून अधिक मोलाच्या वाटतील.